मासळीच्या फोटोवर पडदा टाकायचा का? आमच्या मराठी मॅस्टोडॉन सर्व्हरची भांडणं

चौथी_सीट यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. धागा लांबलचक होणारे, आधीच सांगतो.

आम्ही तिघं मिळून एक छोटा मराठी मॅस्टोडॉन सर्व्हर चालवतो, नाव देत नाही, ज्यांना माहित्ये त्यांना माहित्ये. (मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीचं नाही, छोटे-मोठे सर्व्हर ज्याचे त्याने चालवायचे आणि ते एकमेकांशी जोडलेले.) २०२२च्या ऑक्टोबरात मस्कने ट्विटर घेतलं आणि पळापळ सुरू झाली तेव्हाची गोष्ट. महिन्याभरात मॅस्टोडॉन वापरणारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले, काही मोठ्या सर्व्हरांनी तर नवीन माणूस घेणंच बंद केलं, आणि इकडे डोंबिवली फास्टच्या दारात लटकत आम्ही ठरवलं की आपलं मराठी घर आपण बांधू. बांधलं. नियम लिहायला वेळ कोणाला होता, युरोपातल्या एका सर्व्हरचे उचलले, गूगल ट्रान्सलेटमधून काढले, वरून थोडं मराठी पॉलिश मारलं आणि लावले. त्यात एक नियम होता की मटण-मासळीच्या फोटोवर सीडब्ल्यू (कंटेंट वॉर्निंग) टाकायचा. माहीत नसेल त्यांच्यासाठी: फोटो थेट दिसत नाही, आधी नुसती एक ओळ दिसते, 'मासे' किंवा 'राजकारण' किंवा काय असेल ते, आणि बघणाऱ्याने बटण दाबलं तरच उघडतो. आम्ही त्याला पडदा म्हणतो. आजवर त्या नियमाकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

तर आमच्याकडे माहीमच्या एक मावशी होत्या. वय साठीच्या पुढे, भाचीने अकाउंट काढून दिलेलं. रविवारी सकाळी सिटीलाइटच्या बाजारातून आल्या की ओट्यावर पेपर पसरायच्या, त्यावर मासळी मांडायच्या आणि फोटो टाकायच्या, खाली भाव, कोळणीशी घातलेली हुज्जत, आणि कुठली सुरमई बर्फातली निघाली ते कल्ले उघडून कसं ओळखलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुकट-बोंबलावर यायच्या. खोटं नाही सांगत, अर्धी जनता रविवारी ते वाचायलाच लॉगिन करायची.

गेल्या महिन्यात एका जुन्या सभासदाने त्यांना उत्तर दिलं. शांत भाषेत हं, कुठे आवाज चढवलेला नाही. 'मावशी, इथे मांसाहारी फोटोवर पडदा टाकायची पद्धत आहे, फोटोचं वर्णनही लिहावं, कृपया नियम वाचावेत.' खाली लिंक. मावशींनी एकच ओळ लिहिली: 'आमच्या बिल्डिंगचे नवे सेक्रेटरीपण हेच म्हणतात, वास येतो, दार लावून तळा.' संध्याकाळपर्यंत अकाउंट गायब.

त्यानंतर जे पेटलं ते पेटलं. वीसेक जण उठून ब्ल्यूस्कायवर (ट्विटरसारखंच दुसरं, एका कंपनीचं) गेले, जाताना आम्हाला 'मास्तरडॉन' असं नाव ठेवून गेले (नाव झकास आहे, मान्य). राहिलेले त्यांना 'फुलपाखरं' म्हणतात, ब्ल्यूस्कायच्या लोगोवरून. आता दोन्हीकडून रोज टोमणे, तिकडचे स्क्रीनशॉट इकडे, इकडचे तिकडे. २४० जणांची नोंदणी आहे, रोज दिसणारे आता चाळीस. तिघांपैकी एक अॅडमिन म्हणतो बंद करू, दुसरी म्हणते नियम बदलू, मी मध्ये लटकलोय, नावाप्रमाणे चौथ्या सीटवर, अर्धा आत अर्धा बाहेर. ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं असतं?

---

आद्य_टूटकर:

तो जुना सभासद मी. लपवायचं काही नाही.

मी इथे २०२२च्या लाटेत आलेलो नाही. मी नोव्हेंबर २०१९चा. सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद केलं गेलं तेव्हा भारतातून पहिली मोठी झुंबड मॅस्टोडॉनवर आली, त्यातला मी. पंधरा दिवस सगळे 'आता इथेच राहायचं' म्हणत होते आणि डिसेंबर लागेपर्यंत बहुतेक सगळे परत. आम्ही मूठभर राहिलो कारण इथे जरा श्वास घेता यायचा. कोट करून टोमणा मारायची सोय मुद्दामच दिलेली नव्हती, ती २०२५मध्ये आली, तीही ज्याचं लिखाण त्याने परवानगी दिली तर. हे सगळं कोणीतरी विचार करून केलेलं आहे, आणि दर लाटेला नवे लोक येतात आणि म्हणतात हे असं का, ते तसं का, ट्विटरसारखं का नाही. प्रत्येक वेळी समजावत बसायचं, आणि समजावलं की आपण मास्तर.

जुलै २०२३ला मेटाचं (फेसबुकवाल्यांचं) थ्रेड्स आलं, पाच दिवसांत १० कोटी अकाउंटं, आणि ते मॅस्टोडॉनशी जोडलं जाणार होतं, तेव्हा किती सर्व्हरांनी आधीच जाहीर केलं होतं की मेटाला दारातच अडवणार. तेव्हा तुम्हीच सगळे टाळ्या वाजवत होतात ना? नियम दुसऱ्याला लावताना गोड आणि आपल्या बोंबलावर आला की मास्तरगिरी.

बाकी मावशींना मी वाईट बोललेलो नाही. लिंक दिली, बस.

---

परळची_पाकोळी:

गेलेल्या वीसातली मी एक, फुलपाखरू म्हणा नाहीतर अजून काही.

टूटकर काका, तुम्ही वाईट बोलला नाहीत हे खरंय आणि प्रॉब्लेमही तोच आहे. जर्मनीतल्या एखाद्या सर्व्हरवर मटणाच्या फोटोला पडदा लावा म्हटलं की त्याचा अर्थ एवढाच होतो की इथे बरेच व्हिगन लोक आहेत, त्यांना अचानक समोर नको. तेच वाक्य मुंबईत माहीमच्या बाईला म्हटलं की त्याचा अर्थ होतो तुमचं जेवण घाण आहे, दार लावा. इथे मासे खाणाऱ्यांना घर नाकारतात हो, ब्रोकर फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो, मी स्वतः दोन फ्लॅट त्यापायी घालवलेत. नियम भाषांतर करून आणलात पण तो इकडे कुठल्या दारावर जाऊन आपटेल ते कोणी बघितलंच नाही.

आणि हो, ब्ल्यूस्कायवर सुखात आहे. सर्व्हर निवडा ही भानगड नाही, फेब्रुवारी २०२४ला आमंत्रणाची अट गेल्यापासून आईसुद्धा दोन मिनिटांत अकाउंट काढते. एका मुलाने मराठी पोस्टींचा फीड बनवलाय, तो पिन केला की झालं. तुमच्याकडे ५०० अक्षरं, आमच्याकडे ३००, पण दोन्हीकडे काना-मात्रा वेगळा मोजत नाहीत, एक्सवर 'कि' लिहिलं की दोन मोजतात, त्यामुळे २८०ची पोस्ट मराठीत लगेच संपते. ही गोष्ट इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही, असो, अवांतर झालं.

एक कबूल करते मात्र. मला तिकडे गेल्या गेल्या कोणीतरी एका यादीत टाकलं. तिकडे कोणीही 'असले लोक' अशी यादी बनवू शकतो, आणि बाकीचे ती यादी एका क्लिकवर ब्लॉक करतात, बघायचंसुद्धा नाही आत कोण आहे. मी कुठल्याशा क्रिकेटच्या वादात पडले होते, तेवढ्यावरून. काढा म्हणून यादीवाल्याला मेसेज केला तर त्याने आधीच ब्लॉक केलेलं. अॅडमिनला फोन करावा तर अॅडमिन कोण? कंपनी. तेव्हा मला तुमची तिघांची आठवण आली होती, खोटं कशाला बोलू.

---

गाडी_बुला_रही_है:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. ठाण्याला आत घुसायला धक्काबुक्की करणारा माणूस मुलुंडला दारात उभा राहून ओरडतो, जागा नाहीये, पीछे से आओ. २०१९वाले २०२२वाल्यांना, २०२२वाले आता नव्यांना. चालू द्या.

---

डिस्क_फुल्ल:

चौथी_सीट भाऊ, मी एकेकाळी अडीचशे माणसांचा सर्व्हर दोन वर्षं चालवून बंद केलाय, तेव्हा थोडं घरचं सांगतो.

लोकांना वाटतं भांडणं तत्त्वाची असतात. निम्मी भांडणं मशीनची असतात. आमच्याकडे रात्री अकरा ते एक साइडकिकच्या (पोस्टी पोहोचवायचं काम करणारा प्रोग्राम) रांगेत हजारो कामं तुंबायची, म्हणजे तुम्ही लिहिलेलं पोहोचायला पाऊण तास, आणि पोहोचलं नाही की माणसाला वाटतं समोरचा मुद्दाम उत्तर देत नाहीये. एक जोडी (मैत्रीण-मैत्रीण) खरोखर यावरून बोलायची बंद झाली. दुसरं म्हणजे छोट्या सर्व्हरवर बाहेरच्या पोस्टखालची सगळी उत्तरं दिसतच नाहीत, ज्याला आपल्यातलं कोणी फॉलो करतं त्याचंच तेवढं येतं, मग एखादा येऊन तेच उत्तर पाचव्यांदा देतो आणि समोरचा वैतागतो, की हे मराठी लोक वाचत नाहीत का. नव्या आवृत्तीत ते बरंच सुधारलंय, अपडेट केलं नसेल तर आधी ते करा, मग आमसभा घ्या.

डिस्क. बाहेरून आलेल्या प्रत्येक फोटोची कॉपी आपल्या मशीनवर पडते. मी उत्साहात एक मोठा रिले (बाकी सर्व्हरांच्या पोस्टी आपल्याकडे ओतणारी सोय) जोडला होता, टाइमलाइन भरलेली दिसावी म्हणून, गणपतीत सगळे मोदकाचे फोटो टाकत होते आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री डिस्क शंभर टक्के, डेटाबेस आडवा. सगळी दुनिया विसर्जनाला आणि मी गिरगावात भावाच्या घरी, ढोल ऐकत, मोबाइलवर टर्मिनल उघडून जुना मीडिया उडवतोय. सात दिवसांपेक्षा जुनी बाहेरची चित्रं आपोआप उडतील असं सेटिंग असतं, ते लावा. आणि शोधायची सोय हवी असेल तर इलॅस्टिकसर्च लागतं, ते रॅम असं खातं की बास, पैसे कोण देणार ते आधी ठरवा. आमच्याकडे अडीचशेपैकी अकरा जण पैसे द्यायचे. अकरा. आणि नियमांवर सगळ्यात जास्त बोलणारे त्या अकरात नव्हते.

बंद करायचं म्हणणाऱ्या तुमच्या मित्राला सांगा, बंद करणं पण नीट करावं लागतं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं तर तीन महिने आधी सांगू असं वचन द्यावं लागतं, तुम्ही यादीत नसलात तरी तेवढं पाळा. माणूस दुसऱ्या सर्व्हरवर गेला तर फॉलोअर बरोबर जातात, लिहिलेलं मागेच राहतं. लोकांना हे शेवटच्या दिवशी कळतं आणि मग रडारड. ब्ल्यूस्कायवाले इथे हसतील कारण त्यांच्याकडे घर बदललं तरी लिखाणही बरोबर नेता येतं, मान्य आहे, रचना चांगली आहे, पण किती जणांनी खरंच घर बदललंय? बहुतेक सगळे अजून कंपनीच्याच मशीनवर.

आणि हो, तुमच्यापैकी तक्रार अधिकारी कोण आहे? हसू नका. २०२१च्या आयटी नियमांनुसार नाव साइटवर लावायला लागतं, माझ्या वेळी तक्रार आली की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल द्यायला लागायचा, आताची मुदत बघून घ्या. माझ्याकडे मीच होतो. बायको म्हणायची घरातल्या तक्रारींनापण हा कायदा लागू कर.

---

कानाने_वाचतो:

इथे सगळे एकच चूक करताय म्हणून लिहितोय.

मला दिसत नाही. मोबाइलवर टॉकबॅक, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, दोन्ही स्क्रीनवरचं वाचून ऐकवतात. ट्विटरवर दहा वर्षं होतो, मराठी लोकांच्या दहा फोटोंपैकी नऊ माझ्यासाठी नुसतं 'इमेज'. गणपती, 'इमेज'. बाळाचं बारसं, 'इमेज'. लग्नपत्रिका टाकतात, तीही 'इमेज', म्हणजे मला आमंत्रण आहे पण कुठे आणि किती वाजता ते नाही. मॅस्टोडॉनवर आल्यावर पहिल्यांदा लोकांनी फोटोखाली वर्णन लिहिलेलं ऐकलं. ही सवय त्याच 'मास्तरांनी' लावली, मागे लागून लागून.

टूटकरांनी त्या उत्तरात दोन गोष्टी एकाच वाक्यात कोंबल्या. पडदा टाका आणि वर्णन लिहा. पहिलं म्हणजे 'झाका', दुसरं म्हणजे 'अजून एका माणसाला दाखवा'. एकदम उलट्या गोष्टी आहेत. पण नियमात शेजारीशेजारी लिहिल्यात म्हणून एकदम सुनावल्या, आणि आता फुलपाखरं दोन्ही फेकून देतायत. पाकोळीताई, तुमच्या त्या मराठी फीडमध्ये गेल्या आठवड्यात मी तासभर फिरलो. 'इमेज, इमेज, इमेज.' ब्ल्यूस्कायमध्ये वर्णन लिहायची सोय आहे, वर्णनाशिवाय पोस्ट जाऊच नये असं सेटिंगही आहे, कोणी लावत नाही एवढंच.

हॅशटॅगपण जमलं तर शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहा, सलग लिहिलं की माझा आवाजवाला त्याचा कीस पाडतो.

मावशींच्या फोटोंना वर्णन कधीच नव्हतं. पण खालचं लिखाण असं होतं की मला पेपरवर मांडलेली मांदेली दिसायची. त्या गेल्याचं सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं झालं असेल तर माझं.

---

आद्य_टूटकर:

कानाने_वाचतो, हे पटलं. दोन गोष्टी एकत्र केल्या हे बरोबर.

पडद्याच्या बाबतीत मी अजून माझ्या जागी आहे, आत्महत्या, मारहाण, अपघाताचे फोटो यावर तो हवाच, त्यावर तडजोड नाही. मासळीचं... मी स्वतः शाकाहारी आहे, त्यामुळे माझं बोलणं त्यांना कुठून आलेलं वाटलं असेल ते आत्ता पाकोळीचं वाचून लक्षात आलं. आमच्या सोसायटीत तसली नोटीस लागली होती तेव्हा मी सही केली नव्हती एवढं सांगतो. पण ते मावशींना कसं माहीत असणार.

---

परळची_पाकोळी:

काका __/\__

कानाने_वाचतो दादा, ते सेटिंग आत्ता लावलं. मुलाला फीडच्या माहितीतपण दोन ओळी टाकायला सांगते. लाज वाटली जरा.

---

डिस्क_फुल्ल:

दोन्हीकडच्यांना एकमेकांचं वाचायचंच असेल तर ब्रिजी फेड वापरा की, मॅस्टोडॉन आणि ब्ल्यूस्काय जोडणारा पूल आहे तो, स्क्रीनशॉटचा धंदा कशाला. इकडून पुलाच्या अकाउंटला फॉलो केलं की तुमच्या पोस्टी तिकडे दिसतात, तिकडूनही तसंच. २०२४च्या फेब्रुवारीत हा पूल येणार म्हटल्यावर मॅस्टोडॉनवर असला गदारोळ झाला होता, की आम्हाला न विचारता आमचं तिकडे नेणारे तुम्ही कोण, शेवटी करणाऱ्याने बदललं, आता ज्याने स्वतःहून होकार दिला त्याचंच जातं. फक्त एक, सर्व्हरच्या पातळीवर तो डोमेन ब्लॉक नाहीये ना बघा, उचललेल्या नियमांबरोबर लोक ब्लॉकलिस्टपण आंधळेपणाने उचलतात.

---

चौथी_सीट:

डिस्कराव, बघितलं. ब्लॉक होता. आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं, त्या युरोपियन यादीबरोबर आलेला. आमचे वीस लोक तिकडे गेल्यापासून इकडून त्यांना कोणी दिसत नाही म्हणून 'मुद्दाम तोडलं' असं म्हणत होते आणि आम्ही म्हणत होतो की आम्ही काही केलेलंच नाही. दोघंही खरं बोलत होतो, च्यायला.

अपडेट देतो. परवा तिघं दादरला भेटलो, प्लाझाच्या जवळ, दोन तास आणि पाच कटिंग. बंद करायचं तूर्त रद्द, पण सहा महिन्यांचे पैसे जमले नाहीत तर पुन्हा बसायचं आणि तेव्हा तीन महिन्यांची नोटीस. उचललेले नियम सगळे काढले, रिकामी पाटी, आता एकेक मराठीत लिहितोय, आत्तापर्यंत चार झालेत आणि पाचव्यावर भांडण चालूय (मालिकांचे स्पॉयलर). जेवणावर पडदा नाही, कुठल्याही. ज्याला बघायचं नाही त्याने आपल्यापुरता फिल्टर लावावा, 'मासळी', 'मटण' शब्द टाकले की आपोआप दिसेनासं होतं, ते कसं करायचं ते लिहून ठेवतोय. त्यासाठी मात्र लिहिणाऱ्याने खाली शब्द तरी लिहायला हवा, नुसता फोटो टाकला तर फिल्टरलाही कळणार नाही आणि कानाने_वाचतो यांनाही. वर्णन राहणार. सक्तीचं नाही, पण नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात लिंक फेकून मारायची नाही, कोणीतरी एकाने वर्णन लिहून द्यायचं आणि त्याला दाखवायचं. हे काम टूटकरांनी स्वतःहून मागून घेतलंय.

मावशींना भाचीमार्फत निरोप पाठवला होता. जुनं अकाउंट परत येत नाही, डिलीट म्हणजे डिलीट, तेच नाव पण पुन्हा घेता येत नाही, त्यावर त्या जरा चिडल्या. काल रात्री व्हॉट्सअॅपवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला, मागे कढईचा आवाज: 'नवीन काढते, पण ते फोटोच्या खाली जे लिहायचं म्हणता, त्यात मी काय लिहू? पापलेट चार, मध्यम, एवढं पुरे का? का भाव पण टाकू?'

---

कानाने_वाचतो:

भाव आधी. मग पापलेट.